नखशिखांत निशाणा

जुलै १९२४. पॅरिस. सायकलच्या शर्यतींसाठी बांधलेल्या वेलोद्रोम दिव्हेरच्या काचेच्या छताखाली तुम्ही गर्दीतून वाट काढत कठड्यापाशी आला आहात. खाली पांढऱ्या पोशाखातल्या दोन स्त्रिया समोरासमोर पवित्रा घेऊन उभ्या आहेत. चेहऱ्यांवर जाळीचे मुखवटे. आजूबाजूला चार पंच वाकून, डोळ्यांत तेल घालून तलवारींच्या टोकांकडे बघतायत, आणि मधोमध पाचवा, मुख्य पंच. ना वायर, ना दिवा. वार लागला की हुकला, हे माणसांच्या नजरेनंच ठरायचं.

ऑलिंपिकमधली स्त्रियांच्या तलवारबाजीची ही पहिलीच स्पर्धा. डेन्मार्कची एलन ओसियर एकही लढत न हरता जिंकते. टाळ्या वाजवा, तिनं त्या कमावल्या आहेत. पण तिच्या हातातली तलवार नीट बघून घ्या. ती फॉइल आहे. फॉइलचा वार फक्त धडावर लागला तरच धरतात. दंडावर, मांडीवर, डोक्यावर लागला तर तो नसल्यासारखाच. शिवाय हल्ला आधी कुणी सुरू केला, उत्तर द्यायची पाळी कुणाची, याचे नियम आहेत.

याच स्पर्धांमध्ये पुरुष आणखी दोन शस्त्रांनी खेळतायत. त्यातलं एक सेबर, दुसरं एपे. खऱ्याखुऱ्या द्वंद्वाच्या तलवारीतून आलेलं हे शस्त्र. त्यात ‘इथे मार, तिथे मारू नको’ असं काही नाही. हात, गुडघा, मुखवटा, पायाचा अंगठा, सगळं अंग निशाण्यावर. पाळी कुणाची हा प्रश्नच नाही. ज्याचं टोक आधी टेकलं, त्याचा गुण. एपे स्त्रियांसाठी नाही, असं त्या काळच्या जाणत्या मंडळींचं मत होतं. तुम्ही कठड्यावरून ‘का?’ असं ओरडून विचारलंत तरी कुणी उत्तर देणार नाही. ऑलिंपिकमध्ये एखाद्या स्त्रीच्या हातात एपे बघायचं असेल तर ७२ वर्षं थांबावं लागेल.

तेवढी वर्षं एका दमात ओलांडू नका. मध्ये एका बेटावर उतरा.

ग्वादलुप. कॅरिबियन समुद्रातलं बेट, पॅरिसपासून पावणेसात हजार किलोमीटरच्या आसपास, तरी कागदोपत्री फ्रान्सचाच एक जिल्हा. १९७० चं दशक संपत आलंय. उसाचे मळे डोळ्यांत भरतात. १८४८ मध्ये इथली गुलामगिरी संपली आणि काही वर्षांतच याच मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून मजुरांची जहाजं आली. त्यांचे वंशज आजही तुम्हाला रस्त्यात भेटतील. घरात क्रेओल बोलतात, शाळेत फ्रेंच. किनाऱ्यावरच्या पती-बूर या गावात तलवारबाजीचा वर्ग चालतो, आणि त्या वर्गात सहा-सात वर्षांची एक मुलगी येते. लॉरा फ्लेसेल. नोव्हेंबर १९७१ मध्ये पलीकडच्या प्वांत-आ-पित्र शहरात जन्मलेली.

दारात उभं राहून वर्ग बघा. शिकवणाऱ्याला इथं ‘मेत्र’ म्हणतात. आधी सलामी: समोरच्याला, पंचाला, बघणाऱ्यांना. मग गुडघे वाकवून पवित्रा. मग पुढे पाऊल, मागे पाऊल, पुढे, मागे. तलवार हातात येण्याआधी पाय तयार व्हावे लागतात, आणि मुलांना कंटाळा येतो तो इथेच. तिचे पाय मात्र लवकर तयार होतात. सुरुवात फॉइलनं होते, कारण मुलींची सुरुवात फॉइलनंच होते. त्या काळी जगातल्या कुठल्याही मुलीला ऑलिंपिकमध्ये तलवार चालवायची असेल तर तिच्यासाठी फॉइल सोडून दुसरी वाट नाही.

आणि नेमकी हीच वाट तिच्या वाढीच्या वयात रुंदावते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्त्रियांच्या एपेची जागतिक स्पर्धा सुरू होते. लॉरा तेव्हा सतरा-अठराची. मला तिच्या सगळ्या कारकिर्दीत हाच योग सर्वांत मोलाचा वाटतो. दहा वर्षं आधी जन्मली असती तर याच पायांनी, याच मनगटानं तिला फॉइलमध्ये जन्म काढावा लागला असता. तिच्या आधी असे किती पाय आणि किती मनगटं वाया गेली असतील, त्यांची नोंद कुठल्याच पदकतक्त्यात सापडत नाही.

आता पॅरिसच्या पूर्वेला, वँसेनच्या रानातल्या राष्ट्रीय क्रीडा प्रबोधिनीत चला. फ्रेंच तिला ‘इन्सेप’ म्हणतात. १९९० च्या दशकाची पहिली वर्षं. बेट सोडून आलेली लॉरा इथं घाम गाळतेय. थंडीची सवय नाही, ओळखीचं माणूस समुद्रापार. इथं मी तुम्हाला नुसतं बघायला उभं करणार नाही. जाकीट चढवा, तुम्हाला तिच्यासमोर उभं राहायचंय.

आधी वायर. ती उजव्या बाहीतून वर, खांद्यावरून पाठीवर, जाकिटाखालून बाहेर काढायची आणि मागच्या चरखीला जोडायची. दुसरं टोक तलवारीच्या वाटीआड, मुठीपाशी. एपे उचलून बघा. जास्तीत जास्त ७७० ग्रॅम वजन आणि ११० सेंटिमीटर लांबी एवढी नियमानं मुभा. पातं तीन कडांचं, आणि त्याच्या खाचेत चिकटवलेल्या दोन बारीक तारा टोकापर्यंत गेलेल्या. टोकाला स्प्रिंगवर बसवलेलं एक चिमुकलं बटण. पंच येऊन तलवार उभी धरतो आणि त्या टोकावर ७५० ग्रॅमचं वजन ठेवतो. स्प्रिंगनं ते उचलून धरलं पाहिजे. म्हणजे नुसतं घासून गेलेलं चालणार नाही, टोक रुतलं पाहिजे.

मुखवटा खाली घ्या. जग एकदम जाळीदार होतं आणि स्वतःचाच श्वास कानात वाजायला लागतो.

‘आँ गार्द.’ पंचाचा आवाज. आंतरराष्ट्रीय स्पर्धा कुठेही असो, हुकूम फ्रेंचमध्येच मिळतो. ‘प्रेत?’ तयार? ‘आले!’

ती लगेच काही करत नाही. मागेपुढे हलते, इतकी हलकी की तिची टाच टेकते तरी का असं वाटावं. तिचं टोक तुमच्या मनगटाभोवती घिरट्या घालतंय. एपेमध्ये सर्वांत पुढे असतो तो हात, म्हणून सर्वांत जास्त धोका हातालाच. तुम्ही मनगट वाटीआड लपवता. ती पुन्हा हूल देते, जरा वर. तुमचा हात बोटभर वर जातो. आणखी एक हूल. आता तुम्ही पुढचं पाऊल टाकता, कारण ती थोडी मागे सरकलीय आणि तुम्हाला वाटतंय, हीच वेळ. पाऊल हवेत असतानाच ती खाली जाते. गुडघा वाकतो, खांदा झुकतो, हात सरळ लांब होतो, आणि तुमचा पाय जमिनीला टेकतो त्याच क्षणी बुटाच्या पुढच्या टोकावर टक्.

दिवा लागतो. तिचा.

फ्रेंचमध्ये याला ‘तूश ओ पिए’ म्हणतात, पायावरचा वार. लॉराची ही खासियत. ऐकायला सोपी, करायला महाभयंकर, कारण साधं भूमितीचं गणित तिच्या विरुद्ध आहे. खांद्यापासून समोरच्या खांद्यापर्यंतचं अंतर सर्वांत कमी. खांद्यापासून समोरच्या पायापर्यंत रेघ तिरकी पडते, म्हणून लांब. ती तुमच्या पायाकडे जात असताना तुम्ही नुसता हात सरळ केलात, तरी तुमचं टोक तिच्या मुखवट्यावर किंवा पाठीवर आधी पोचू शकतं. दोन्ही वार एका सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शाच्या आत लागले तर दोन्ही दिवे पेटतात आणि दोघींनाही गुण मिळतो. तेवढ्या फटीत खेळ आहे. म्हणून पायावर जाण्याआधी समोरच्याचा हात वर उचलवून घ्यावा लागतो, त्याचं वजन पुढच्या पायावर आणावं लागतं, आणि तो पाय कुठे पडणार हे त्याच्या आधी आपल्याला कळावं लागतं.

अजून एक मेख आहे. ज्या पट्टीवर तुम्ही उभे आहात, १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद, ती धातूची आहे आणि यंत्राला जोडलेली आहे. तलवारीचं टोक पट्टीला लागलं तर दिवा पेटत नाही. म्हणजे तिचा वार बोटभर जरी चुकला असता तर ती तुमच्या पायाशी वाकलेली, सगळी उघडी पडलेली, आणि हाती शून्य. दिवा लागला याचा अर्थ टोक बुटावरच बसलं.

प्रतिस्पर्धी तिला ‘ला गेप’ म्हणतात, म्हणजे गांधीलमाशी. तुम्ही मुखवटा काढून खाली बघता तेव्हा त्यामागचं कारण तुमच्या अंगठ्याला चांगलंच कळलेलं असतं. तिचे मेत्र दानिएल लवावासर एपेतले नाणावलेले गुरू. अशी जोडी वर्षानुवर्षं एकच हालचाल घासत बसते, तेव्हा कुठे ती स्पर्धेत एकदा बसते.

आता अटलांटा. जुलै १९९६.

उद्घाटनाच्या रात्री फ्रान्सच्या पथकापुढे झेंडा घेऊन मारी-जोझे पेरेक चालतेय. धावपटू, आणि तीही ग्वादलुपचीच. (पुढे याच स्पर्धेत ती २०० आणि ४०० मीटर, दोन्ही जिंकणार आहे.) त्यानंतर अवघ्या काही दिवसांत तुम्ही जॉर्जिया वर्ल्ड काँग्रेस सेंटरमध्ये येता. मोठमोठी प्रदर्शनं भरवायची ही जागा. बाहेर दक्षिणेतला दमट उन्हाळा, आत वातानुकूलित गारवा, आणि आज पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या हातात एपे. जाहीर करायला कुणी तुतारी फुंकत नाही. कार्यपत्रिकेत एक ओळ वाढलीय, एवढंच. ती ओळ नीट वाचा, तिला ७२ वर्षं लागली आहेत.

दिवसभर थांबायची तयारी ठेवा. बाद पद्धतीची स्पर्धा आहे. एक हार की घरी. लढत १५ गुणांची, तीन-तीन मिनिटांचे तीन डाव, मध्ये एक मिनिट विश्रांती. ज्यांनी तलवारबाजी फक्त चित्रपटात पाहिलीय त्यांना हे सगळं फार शांत वाटतं. दोन बायका लांब उभ्या राहतात, टोकं एकमेकींना चाटून जातात, मिनिटभर काहीच घडत नाही. घडत नाही असं नाही. तुम्ही आता त्या जाळीमागून पाहिलंय, तुम्हाला कळतं. प्रत्येक हुलीतून एक प्रश्न विचारला जातोय: इथं आले तर काय करशील? आणि समोरची नको असताना उत्तर देऊन बसते.

अंतिम लढतीत लॉरासमोर व्हालेरी बार्लवा. म्हणजे समोरही फ्रान्सच. एकाच संघातल्या, एकमेकींच्या खोड्या तोंडपाठ असलेल्या दोघी. अनोळखी प्रतिस्पर्ध्याला फसवता येतं. जिच्याबरोबर सराव केला तिला फसवायचं म्हणजे तिला माहीत असलेलीच गोष्ट तिला अपेक्षित नसलेल्या क्षणी करावी लागते. एकदा तांबडा दिवा, एकदा हिरवा, मध्येच दोन्ही. एपेमध्ये पुढे असलेलीला दोन्ही दिवे परवडतात, कारण फरक तसाच राहून शेवट जवळ येतो. मागे असलेलीला धोका पत्करून पुढे यावंच लागतं, आणि पुढे येणारा पाय म्हणजे काय, ते तुम्ही वँसेनच्या त्या दालनात अनुभवलंय.

१५-१२. चोवीस वर्षांची लॉरा फ्लेसेल स्त्रियांच्या एपेची पहिली ऑलिंपिक विजेती. तलवारबाजीत वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी फ्रेंच स्त्री यापूर्वी एकच झाली होती: पास्काल त्रँके, १९८० मध्ये, मॉस्कोत, फॉइलमध्ये. तिसरं पदक हंगेरीच्या जोंजी सॉलॉय-होर्वाथला.

आणि तीनच दिवसांनी सांघिक लढती. प्रत्येक संघात तिघी, प्रत्येकीनं समोरच्या तिघींशी खेळायचं, गुण बेरजेत वाढत जायचे, ४५ ला शेवट. कालपरवा एकमेकींवर वार करणाऱ्या लॉरा आणि व्हालेरी आता एकाच बाकावर, सोबत सोफी मोरेसे-पिशो. इटलीला ४५-३३ असं हरवून दुसरं सुवर्ण. त्या बाकाजवळ थोडं रेंगाळा. अंतिम लढतीतली जिंकलेली आणि हरलेली अशा दोघी एकमेकींच्या गुणांवर ओरडतायत, यापेक्षा या खेळाबद्दल जास्त काही मला सांगता येणार नाही.

पुढची काही वर्षं भराभर. १९९८, स्वित्झर्लंडमधलं ला शो-द-फों: जागतिक विजेतेपद, वैयक्तिक आणि सांघिक. १९९९, सोल: पुन्हा वैयक्तिक जागतिक विजेती. २०००, सिडनी: कांस्य, सुवर्ण हंगेरीच्या टिमेआ नॉजला. हे नाव लक्षात ठेवा.

२००१ मध्ये ती आई होते. २००२ मध्ये उत्तेजक चाचणीत अडकते: एका औषधातल्या निकेथामाइडमुळे तीन महिन्यांची बंदी. बाळंतपण आणि बंदी, एकामागून एक, तिशी ओलांडलेली. बऱ्याच खेळाडूंच्या कारकिर्दीची गोष्ट इथंच संपते, आणि संपली असती तरी अटलांटा कुणी हिरावून घेणार नव्हतं.

पण तुम्ही २००४ च्या ऑगस्टमध्ये अथेन्सला येता. जुन्या हेलिनिको विमानतळाच्या जागेवर उभारलेल्या दालनात अंतिम लढतीची पट्टी उजळलेली, आणि तिच्यावर लॉरा. समोर टिमेआ नॉज. ही नॉजही सिडनीनंतर काही गप्प बसलेली नाही. १५-१०, नॉज पुन्हा विजेती. लॉराला रौप्य, संघाबरोबर कांस्य. कांस्यपदकाची वैयक्तिक मानकरी कोण बघा: मोरीन निसिमा, तीही फ्रान्सचीच. लॉराच्या नावावर आता पाच ऑलिंपिक पदकं. तेव्हाच्या फ्रान्समध्ये एवढी पदकं असलेली दुसरी स्त्री नाही.

२००५ आणि २००७ मध्ये सांघिक जागतिक विजेतेपदं. यानंतर जे घडतं ते मला आजही खुपतं. स्त्रियांच्या सेबरला ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली ती २००४ मध्ये, पण तलवारबाजीच्या पदकांचा एकूण आकडा वाढवायला कुणी तयार नव्हतं. मग तोडगा असा निघाला की दर ऑलिंपिकला दोन सांघिक प्रकार आळीपाळीनं गाळायचे. २००८ ला बीजिंगमध्ये गाळले गेलेले दोन प्रकार म्हणजे पुरुषांचं सांघिक फॉइल आणि स्त्रियांचं सांघिक एपे. आदल्या वर्षीच्या जगज्जेत्या संघाला ऑलिंपिकमध्ये उतरायला पट्टीच नाही! त्याऐवजी त्याच वर्षी त्यांच्यासाठी वेगळी जागतिक स्पर्धा भरली, आणि फ्रान्सनं तीही जिंकली. एका दाराला फट पडली की दुसरं ओढून घ्यायचं, ही सवय १९२४ पासून फारशी बदललेली नव्हती.

लंडन. २७ जुलै २०१२. उद्घाटनाच्या मैदानात तुम्ही वर, गॅलरीत. फ्रान्सचं पथक आत येतं आणि सर्वांत पुढे, झेंड्याची काठी धरून, लॉरा फ्लेसेल. चाळीस वर्षांची. हे तिचं पाचवं ऑलिंपिक. अटलांटात पेरेक, लंडनमध्ये फ्लेसेल. सोळा वर्षांत दोनदा त्या एका बेटाच्या मुलींनी देशाचा झेंडा पुढे नेलाय.

तीन दिवसांनी एक्सेल केंद्रात स्त्रियांचं वैयक्तिक एपे. रुमानियाची सिमोना गेर्मान तिला उपांत्यपूर्व फेरीच्या आधीच हरवते. ऑलिंपिकमधली तिची ही शेवटची लढत. तुम्ही जागेवरून उठू नका, कारण त्याच दालनात, त्याच दिवशी, पुढे उपांत्य फेरीत कोरियाची शिन आ-लाम आणि जर्मनीची ब्रिटा हायडेमान समोरासमोर येणार आहेत. घड्याळात एक सेकंद उरलेला. तो एक सेकंद संपता संपत नाही. पंच पुन्हा पुन्हा खेळ सुरू करतात आणि त्या एका सेकंदात हायडेमानचा वार लागतो. शिन रडत पट्टीवरच बसून राहते, कारण खाली उतरणं म्हणजे निकाल मान्य करणं. तासाभरानं तिला खाली नेतात. जगभरच्या वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी शिनचा फोटो छापून येतो, आणि लॉराच्या निरोपाला कोपऱ्यातली जागा मिळते. मला विचाराल तर दोन्ही बातम्या एकाच शस्त्राच्या आहेत. टोक आधी आलं की नंतर, एवढाच या खेळाचा प्रश्न, आणि तो आता स्त्रियांनाही तितक्याच कठोरपणे विचारला जात होता.

२०१७ मध्ये ती फ्रान्सची क्रीडामंत्री होते, सप्टेंबर २०१८ मध्ये पायउतार होते. मंत्रालयाच्या बैठकांत तुम्हाला घेऊन जाण्यात मला रस नाही.

प्रवासाची उमेद अजून असेल तर ऑगस्ट २०१६ च्या रिओला जा. पुरुषांच्या सांघिक एपेची अंतिम लढत, फ्रान्स विरुद्ध इटली. फ्रान्सच्या चौघांत यानिक बोरेल आणि दानिएल जेराँ, दोघंही ग्वादलुपचे, आणि सुवर्ण फ्रान्सचं. तिथून जुलै २०२२, कैरो. जागतिक स्पर्धेत स्त्रियांच्या फॉइलची अंतिम लढत. पट्टीवर इसाओरा थिबूस, तीही ग्वादलुपची. तिच्या वयाच्या मुलींना फॉइल, एपे आणि सेबर, तिन्ही वाटा मोकळ्या होत्या. तिनं फॉइल निवडलं, आणि त्या दिवशी ती जगज्जेती झाली.